लांकूड चांगलें आहे!

गेल्या वर्षीं पालकसभा आटोपल्यावर एक सद्गृहस्थ मजपाशीं थांबले व जरा संकोचानें म्हणाले, "गुरुजी, आमच्या चिरंजीवांनीं शनिवारीं दुपारीं गणिताचीं उदाहरणें सोडवावींत, कीं रंधा मारीत बसावें? त्याला सुतारच करावयाचा असता, तर एवढी फी भरून शाळेंत कशाला घातला असता?" प्रश्न सरळ होता, आणि विचारणाऱ्याच्या मनांत मुलाच्या हिताशिवाय दुसरें कांहीं नव्हतें. त्या वेळीं मीं कांहीं तरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. तें उत्तर माझें मलाच पटलें नाहीं. म्हणून वार्षिक अंकाच्या ह्या पानांवर तें नीट द्यावें असें योजिलें आहे. प्रश्न त्या एकट्या गृहस्थांचा नाहीं. जळगांव-धुळ्याकडील पुष्कळ घरांतून तो बोलला जात असेल.

प्रथम हकीकत सांगतों. शाळेच्या मागील अंगास जी पत्र्याची शेड आहे, तींत दर शनिवारीं दुपारीं चार-पांच मोठीं माणसें आणि आठ-दहा मुलें-मुली जमतात. मोठ्यांत एक रेल्वेंतून निवृत्त झालेले भुसावळचे कामगार आहेत, एक डॉक्टर आहेत, एक केळीचे बागाईतदार आहेत, आणि चौथा प्रस्तुत लेखक. ह्यांपैकीं कोणाचेंही पोट सुतारकामावर चालत नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर कोणाचीही कारागिरी अशी नाहीं कीं तिच्यावर पोट चालावें! आम्ही केवळ हौशी सुतार. कोणी पाट करतो, कोणी पुस्तकांची मांडणी, कोणी नातवासाठीं गाडा. काम थोडें आणि बोलणें फार. परंतु तें बोलणें काय असतें, हें जर पालकांनीं एकदां ऐकलें, तर त्यांचा अर्धा आक्षेप तेथेंच गळून पडेल, असा मला भरंवसा आहे.

त्या शेडमध्यें देवघेव होते ती मुख्यतः युक्त्यांची. पटाशीला धार लावतांना नवशिका पुढची उतरणच तेवढी घाशीत बसतो. परंतु धार म्हणजे दोन पृष्ठभागांची भेट होय. मागची सपाट बाजू आरशासारखी झाल्यावांचून धार कधींच खरी होत नाहीं. ही गोष्ट मला डॉक्टरांनीं शिकविली. उतरण २५ ते ३० अंशांची असावी. त्याहून पातळ केली तर बाभळीसारख्या कठीण लांकडावर धार तुटते, जाड केली तर मऊ लांकूड चिरडतें. धार लागली कीं नाहीं हें पाहण्यास पुष्कळजण अंगठा फिरवतात. तसें न करतां मऊ लांकडाच्या टोंकावर, जेथें धागे आडवे तुटतात तेथें, एक पातळ काप काढून पाहावा. काप तुकतुकीत निघाला तर धार आहे, भुगा झाला तर पुन्हां दगडाकडे जावें.

खूण करावयाची ती पेन्सिलीनें करूं नये, कारण पेन्सिलीच्या रेघेला स्वतःची जाडी असते. सुरीच्या टोंकानें रेघ ओढावी आणि करवत त्या रेघेच्या टाकाऊ बाजूनें चालवावी. स्क्रू पिळण्यापूर्वीं त्याला मेणबत्तीचें मेण लावावें, म्हणजे कठीण लांकडांतही तो सुखानें शिरतो. पावसाळ्याच्या तोंडावर सगळ्या हत्यारांना तेलाचा हात द्यावा. अशा किती सांगाव्यात!

ह्या सर्वांत आमच्या प्रांताला लागू पडणारी युक्ति रेल्वेच्या काकांनीं सांगितली. लांकूड लांबीला जवळजवळ वाढत नाहीं आणि आटतही नाहीं. फुगतें तें रुंदीला. आमच्याकडे मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि लांकडांतला ओलावा पार उडून जातो. अशा वेळीं चौकटीला घट्ट बसविलेलें दार श्रावणांत हमखास अडकतें, आणि घरधनी सुताराला शिव्या देतो. काका म्हणतात, उन्हाळ्यांत दार बसवाल तर कडेला जाड पुठ्ठ्याएवढी फट राहूं द्या; ती पावसाची जागा आहे. भूगोलाच्या पुस्तकांत आपण हवामान शिकवितों, विज्ञानाच्या पुस्तकांत आर्द्रता शिकवितों. परंतु त्या दोहोंची गांठ एका दाराच्या फटींत पडते, हें मुलांना त्या दिवशीं प्रथम दिसलें.

आतां जेथें चार हौशी माणसें जमतील तेथें मतभेद ठरलेलाच. आमच्यांत दोन पंथ आहेत. रंधा वापरून झाला कीं तो आडवा, कुशीवर ठेवावा, म्हणजे पात्याची धार बांकाला लागून बोथट होणार नाहीं, असा एक पंथ. तो उभाच, तळावर ठेवावा, म्हणजे धार झांकलेली राहील आणि कोणाचें बोट किंवा दुसरें हत्यार तिला लागणार नाहीं, असा दुसरा. दोन्ही पंथांकडे पुरावे आहेत, दोन्ही पंथांकडे जुने गुरु आहेत, आणि ह्या वादांत किती दुपारी खर्ची पडल्या ह्याचा हिशेब नाहीं. एके दिवशीं सातवींतल्या एका मुलीनें सहज विचारलें, "तळाखालीं एक लहानशी पट्टी ठेवून तिच्यावर रंधा टेंकवला तर?" क्षणभर शांतता पसरली. मग रेल्वेचे काका गंभीरपणें म्हणाले, "असें करून चालणार नाहीं, बाळ. मग आम्ही भांडायचें कशावर?" आणि शेडभर हंशा पिकला.

हा जो हंशा, त्याविषयीं मला विशेष बोलावयाचें आहे, आणि त्यासाठीं आपणांस थोडा वेळ स्कॉटलंडांत न्यावें लागेल.

धुळ्याच्या जुन्या बाजारांत मला काही वर्षांपूर्वीं एक लांकडी रंधा सांपडला. भंगारवाल्यानें तो वजनावर दिला. घरीं आणून मळ पुसला तों पुढच्या अंगावर छाप दिसला : मॅथिसन, ग्लासगो. ग्लासगोचे मॅथिसन आणि एअर गांवचे स्टुअर्ट स्पायर्स हे एकोणिसाव्या शतकांतील रंधे बनविणारे नामांकित स्कॉटिश कारखानदार. त्यांचे रंधे हौशी लोक आजही शोधीत फिरतात. तो रंधा कोणत्या हातांतून धुळ्यास आला, कोण जाणे. परंतु आमच्या मुलुखाशीं त्या देशाचा संबंध कांहीं नवा नाहीं. मुंबई इलाख्यांतील जंगलांचे पहिले कॉन्झर्व्हेटर डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे स्कॉटलंडचेच. १८४७ सालीं त्यांची नेमणूक झाली. जहाजांसाठीं व इमारतींसाठीं सागाची जी बेसुमार तोड चालली होती, तिला आळा घालण्याचें काम त्यांच्याकडे आलें. आमच्या शेडमध्यें जें सागाचें लांकूड आम्ही चुकीचें कापून फुकट घालवितों, त्याचा ऐंशीं-शंभर वर्षांचा वाढीचा काळ आठवून मला पुष्कळदां शरमल्यासारखें होतें.

माझा एक जुना विद्यार्थी समुद्रांतील तेलाच्या धंद्यांत नोकरीस असून ॲबर्डीन शहरीं राहतो. रंध्याची हकीकत मीं त्याला कळविली, तेव्हां त्यानें उलट एक मोठें मजेदार पत्र पाठविलें. त्या देशांत गांवोगांव ‘मेन्स शेड’ नांवाच्या जागा आहेत. ही कल्पना मूळची ऑस्ट्रेलियांतली; १९९० नंतरच्या दशकांत ती तेथें रुजली आणि मग स्कॉटलंडांतही पसरली. नोकरींतून मोकळे झालेले, बायको वारलेली, मुलें दूर गेलेलीं असे पुरुष तेथें जमतात, लांकूडकाम करतात, एकमेकांना युक्त्या सांगतात, चहा पितात आणि एकमेकांची थट्टा करतात. समोरासमोर बसून आपलें दुःख सांगणें ज्यांना जमत नाहीं, तीं माणसें एका बांकावर शेजारीं शेजारीं काम करतां करतां तें सहज सांगून जातात. आमचा विद्यार्थी परदेशांत एकटा पडला होता. तोही एका शेडमध्यें जाऊं लागला.

त्यानें तेथें पहिल्यांदा ‘डव्हटेल’ म्हणजे पारव्याच्या शेपटीसारखा पसरट सांधा कापला. तीन आठवडे लागले. सांधा जुळला, पण दोन्ही कडांना दाणे मावतील एवढ्या फटी राहिल्या. शेजारच्या म्हाताऱ्या स्कॉचानें तो हातांत घेतला, उजेडाकडे धरला, उलटासुलटा करून पाहिला आणि शांतपणें म्हणाला, "लांकूड चांगलें होतें."

पत्रांतलें हें वाक्य वाचून मी चमकलों. कारण हेंच वाक्य मीं पूर्वीं ऐकलें होतें, आणि तें ॲबर्डीनला नव्हे तर धुळ्यास!

माझी पहिली नोकरी धुळ्यास होती. तेथें शाळेचीं बांकें दुरुस्त करावयाला एक म्हातारे सुतार येत. मी नुकताच पदवी घेऊन आलेला. त्यांचें काम पाहून मलाही हौस वाटली आणि मीं घरीं एक पाट केला. मोठ्या ऐटीनें त्यांना दाखविला. त्यांनीं तो जमिनीवर ठेवला; पाट तीन पायांवर उभा राहिला आणि चौथा अधांतरीं. म्हातारबोवांनीं पाटावर हात फिरवला आणि अहिराणींत म्हणाले, "लाकूड चांगलं शे, गुरुजी." बस्स, एवढेंच. त्या दिवशीं मला तें झोंबलें. आज कळतें कीं, ज्याला माझा अपमान करावयाचा असता तो ह्याहून पुष्कळ जास्त बोलला असता. दोन देशांतले दोन म्हातारे कारागीर. भाषा निराळी, धर्म निराळा, हवा तर अगदींच निराळी. आणि विनोद मात्र अक्षरशः एकच!

स्कॉच लोकांना विनोद कळतच नाहीं, असा एके काळीं इंग्रजांचा समज होता. एडिंबरोमध्यें राहून गेलेला सिडनी स्मिथ नांवाचा इंग्रज धर्मोपदेशक म्हणे कीं, स्कॉच माणसाच्या डोक्यांत विनोद शिरावयाचा तर शस्त्रक्रियाच करावी लागते. वस्तुस्थिति उलट आहे. त्यांचा विनोद कोरडा असतो. तो चेहऱ्यावर दिसत नाहीं, आवाज चढवीत नाहीं, आणि बहुतेक वेळां तो स्वतःवरच उलटविलेला असतो. त्यांच्या काटकसरीच्या गोष्टी जगभर प्रसिद्ध आहेत. पाहण्यासारखें कांहीं नसेल तेव्हां ॲबर्डीनचा माणूस चष्मा काढून खिशांत ठेवतो, कां तर कांच उगाच झिजूं नये. ही गोष्ट ॲबर्डीनचे लोक स्वतःच रंगवून सांगतात. सर हॅरी लॉडर हे लहानपणीं कोळशाच्या खाणींत राबलेले आणि पुढें जगप्रसिद्ध झालेले नट. वेडीवांकडी काठी हातांत घेऊन ते रंगभूमीवर येत आणि आपल्याच लोकांच्या चिक्कूपणावर लोकांना पोट धरून हंसवीत. पीळदार फांद्यांच्या एका झाडाला त्यांच्या काठीवरून नांवही पडलें आहे. लांकूड वांकडें निघालें म्हणून ज्याला रडूं येत नाहीं, त्याची त्या वांकड्यापासूनच कीर्ति होते, असें म्हणावयास हरकत नाहीं.

खानदेशी माणसाचा स्वभाव ह्याहून फार वेगळा आहे काय? आमच्याकडे मुलगा पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झाला तरी बाप "बरं शे" ह्यापलीकडे जात नाहीं. स्कॉटलंडांतही उत्तम कामाला "वाईट नाहीं" एवढेंच म्हणण्याची चाल आहे. भूमि कष्टाची असली म्हणजे शब्द जपून वापरण्याची संवय लागते, असें मला वाटतें. काटकसरीची गोष्ट तर विचारूंच नका. आमचे रेल्वेचे काका वांकलेले खिळे टाकून देत नाहींत. ऐरणीवर सरळ करून डब्यांत भरून ठेवतात. त्यांच्याजवळ आजोबांचा एक वाकस आहे, त्याचा त्यांना मोठा अभिमान. दांडा तीनदां बदलला आहे आणि पातें दोनदां. पण वाकस आजोबांचाच! हा किस्सा अनेक देशांत सांगतात म्हणे. आमच्याकडे तो वाकसासकट हजर आहे.

परंतु मुद्दा केवळ करमणुकीचा नाहीं. हत्यार हातांत धरणाऱ्यास हा विनोद कां लागतो, हें पाहिलें पाहिजे. वहींतली चूक खोडतां येते. बोलण्यांतली चूक सारवून घेतां येते. लांकडावरची चूक मात्र समोर उभी राहते. पाट डुगडुगतो तो सर्वांसमक्ष डुगडुगतो. अशा वेळीं माणसापुढें दोनच मार्ग असतात. एक, दोष लांकडावर, हत्यारावर किंवा शेजाऱ्यावर ढकलून उठून जाणें. दुसरा, "लांकूड चांगलें होतें" असें म्हणून स्वतःवर हंसणें व पुन्हां करवत उचलणें. जो स्वतःवर हंसूं शकतो तोच आपली चूक दाखवूं शकतो, आणि जो चूक दाखवितो त्यालाच युक्ति मिळते. हंसणें आणि शिकणें ह्यांचा संबंध इतका निकटचा आहे.

येथें मला माझी एक चूक कबूल केली पाहिजे. शेड सुरू झाली त्या वर्षीं एका अबोल मुलानें लहानसें स्टूल केलें. तें इतकें तिरकें झालें होतें कीं मीं सर्वांदेखत म्हटलें, "ह्यावर बसणाऱ्यानें आधीं विमा उतरवावा." सगळे हंसले. तो मुलगाही हंसला. पण पुढच्या शनिवारीं आला नाहीं, आणि मग कधींच आला नाहीं. मीं त्याला दोनदां बोलावणें पाठविलें. तेव्हां मला कळलें कीं, "लांकूड चांगलें आहे" हें वाक्य म्हाताऱ्या सुतारानें मला खासगींत म्हटलें होतें. मीं विमा चारचौघांत काढला. शिवाय त्यांना माझ्यापेक्षां शंभरपट येत होतें, आणि मला त्या मुलापेक्षां जेमतेम दुप्पट. विनोद स्वतःवर केला तर तो मलम, आपल्याहून दुबळ्यावर केला तर ती पटाशी. आमच्या शेडमध्यें आतां नियमच आहे : ज्याला थट्टा करावयाची असेल त्यानें आधीं आपलें बिघडलेलें काम बांकावर ठेवावें. पहिला नंबर अर्थातच माझा असतो.

दुसरी गोष्ट ह्याहून जास्त सलते. ते धुळ्याचे सुतार फळी घेण्यापूर्वीं तिला बोटाच्या पेरानें ठोकून कान लावीत. एखादी फळी दिसावयास सुंदर असली तरी ऐकून बाजूला ठेवीत. एखादी काळवंडलेली उचलून घेत. त्यांना काय ऐकूं येत होतें? मीं कधीं विचारलें नाहीं. मी पदवीधर, सुताराला प्रश्न विचारणें मला कमीपणाचें वाटलें. आणि त्यांनीं होऊन सांगितलें नाहीं, कारण त्यांच्या पिढीला कोणी विचारतें अशी संवयच नव्हती. पुढें मी बदलून गेलों, ते वारले. मुलगा दुसऱ्या गांवीं नोकरीला लागला होता. त्यानें बापाचीं हत्यारें विकून टाकलीं. आज मी फळी ठोकतों, कान लावतों, आणि मला फक्त ठक्‌ठक्‌ ऐकूं येतें. पन्नास वर्षांचें ज्ञान माझ्या हाताशीं बसून बिडी ओढीत होतें आणि मीं त्याला मस्टरावर सही करावयास लावून परत पाठविलें!

म्हणून माझें म्हणणें असें कीं, युक्ति विचारण्यास लाजूं नये आणि सांगण्यास कंजुषी करूं नये. पैसा दिला तर आपल्यापाशीं उरत नाहीं. युक्ति दिली तरी उरते, आणि न दिली तर आपल्याबरोबर जाते. मात्र ज्याची युक्ति असेल त्याचें नांव तिच्याबरोबर सांगावें. आमच्या शेडमध्यें "ही काकांची", "ही डॉक्टरांची", "ही त्या सातवींतल्या मुलीची" असें म्हणूनच युक्ति पुढें जाते.

आतां पालकांच्या आक्षेपांकडे वळतों. पहिला आक्षेप, जो उघड कोणी बोलत नाहीं, तो असा कीं, हें काम हलकें आहे. गांवगाड्यांत सुतार हा बलुतेदार; नांगर, वखर, तिफण, गाडी ह्यांवांचून शेती नाहीं आणि सुतारावांचून त्यांतलें कांहीं नाहीं. सुगीच्या वेळीं त्याला धान्याचा वांटा मिळे, पण मान मिळे तो बेताचाच. ज्या महाराष्ट्रानें गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार ह्यांना संत मानलें, त्यानेंच हाताच्या कामाला खालच्या पायरीवर बसविलें, ही विसंगति आपणां सर्वांची आहे. आम्ही ख्रिस्ती लोक तरी काय मोठे! ज्या नासरेथच्या घराचें नांव आम्ही नित्य आदरानें घेतों तें सुताराचें घर होतें. पण आमच्यांतल्याही आईबापांना मुलाच्या हातांत वाकस पाहिला कीं धस्स होतें.

दुसरा आक्षेप अभ्यासाचा. ह्याचें उत्तर मीं न देतां अनुभवी लोकांनीं द्यावें. फिनलंड देशांत ऊनो सिग्नेयस ह्यांच्या प्रयत्नानें १८६६ सालीं खेड्यांतील मुलांच्या शाळांतून हस्तकाम आवश्यक झालें. पुढें स्वीडनमध्यें नेस येथें ओटो सालोमन ह्यांनीं शिक्षकांना तेंच शिकविण्याचें विद्यालय चालविलें. मुलांना सुतार करणें हा त्यांचा हेतु नव्हता. लक्ष, नीटनेटकेपणा, स्वावलंबन आणि श्रमाविषयीं आदर हे गुण लांकडाच्या चमच्यांतून शिकवावे, हा होता. सर पॅट्रिक गेडिस हे स्कॉच पंडित १९१९ सालीं मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. त्यांना बापानें तरुणपणीं अभ्यासाबरोबर सुताराच्या कारखान्यांतही पाठविलें होतें. डोकें, हृदय आणि हात हीं तिन्ही शिकलीं पाहिजेत असा त्यांचा आयुष्यभर आग्रह राहिला. १९३७ सालीं वर्ध्यास महात्मा गांधींनीं उद्योगाच्या द्वारां शिक्षणाची योजना मांडली. आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत तर सहावी ते आठवीच्या मुलांनीं दहा दिवस दप्तराविना राहून सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक जाणकारांच्या हाताखालीं काम शिकावें, असें स्पष्ट सांगितलें आहे. तेव्हां आमची शेड म्हणजे एखाद्या गुरुजींचें खूळ आहे असें समजूं नये.

तिसरा आक्षेप एका सुतारानेंच घेतला, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. "तुम्ही शिकलेसवरलेले लोक हौस म्हणून पाट करूं लागलां, तर आम्हीं काय करावें?" मीं त्याला आमचे पाट दाखविले. त्याची भीति तत्काळ नाहींशी झाली! पण थट्टा बाजूला ठेवूं. ज्यानें स्वतः एक फळी रंधली आहे, तो सुताराशीं मजुरीवरून घासाघीस करीत नाहीं. खांद्यांतून कळ कशी निघते हें त्याला ठाऊक असतें. कारखान्यांत भुसा दाबून केलेल्या तयार कपाटांत आणि सांधा जुळवून केलेल्या कपाटांत काय फरक आहे, हें त्याच्या बोटांना समजतें. कारागिराचा खरा शत्रु हौशी माणूस नसून न समजणारें गिऱ्हाईक हा आहे. सरकारनें २०२३ सालीं पंतप्रधान विश्वकर्मा योजना काढून सुतारांसह अठरा धंद्यांतील कारागिरांना हत्यारांसाठीं १५,००० रुपयांपर्यंत साह्य देऊं केलें. हत्यारें सरकार देईल. परंतु कामाची पारख करणारें गिऱ्हाईक शाळेलाच तयार करावें लागेल.

बोटें कापतील ही भीति रास्त आहे. त्यासाठीं एकच नियम : दोन्ही हात धारेच्या मागें, काम बांकाला घट्ट आंवळलेलें, आणि बोथट हत्यार वापरावयाचें नाहीं, कारण बोथट हत्याराला जोर द्यावा लागतो आणि जोर निसटतो.

आमच्या प्रांतांतलें एक उदाहरण देऊन आवरतें घेतों. १९३६ च्या डिसेंबरांत फैजपूर येथें काँग्रेसचें अधिवेशन भरलें. खेड्यांत भरलेलें तें पहिलें अधिवेशन. त्याची सजावट शांतिनिकेतनचे विख्यात चित्रकार नंदलाल बोस ह्यांनीं केली, ती बांबूची आणि गांवांत मिळणाऱ्या साध्या जिनसांची. मुंबई-कलकत्त्याहून किंमती सामान आणवितां आलें असतें. परंतु एवढा मोठा कलावंत खानदेशच्या बांबूला हात लावण्यास संकोचला नाहीं. त्यालाही बहुधा दिसलें असावें कीं, लांकूड चांगलें आहे.

तर पालकहो, माझी विनंति अशी. आपल्या पाल्याला शनिवारची दुपार द्या. आपण स्वतः एकदां या. एखादें हत्यार हातांत घ्या. आपला पहिला पाट डुगडुगूं द्या आणि मुलादेखत त्यावर हंसा. बापाला स्वतःच्या चुकीवर हंसतांना पाहणें, हा धडा आमच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकांत नाहीं. आपल्या गल्लींत एखादे म्हातारे सुतार असतील तर त्यांना आमच्याकडे घेऊन या. त्यांच्यासाठीं खुर्ची आणि योग्य मानधन दोन्ही तयार आहेत. आणि विद्यार्थिमित्रहो, ते फळी ठोकून कानाला लावूं लागले कीं तुमच्या गुरुजींनीं केली ती चूक करूं नका. त्यांना तेथल्या तेथें विचारा, "बाबा, काय ऐकूं येतें?"